नाडी शांत म्हणजे बीपी नॉर्मल?

‘नाडी शांत आहे, म्हणजे बीपी ठीकच असणार’ हा समज चुकीचा आहे. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब अचानक चढला की ती मेंदूला कळवतात आणि ठोके उलट मंदावतात! हे मोजताही येतं. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अँजिओटेन्सिन (रक्तवाहिन्या आकसवणारं संप्रेरक) टोचून दाब वाढवला आणि ईसीजीवर दोन ठोक्यांमधलं अंतर किती लांबतं ते पाहिलं. दाब १ मिमीने (पाऱ्याच्या) वाढल्यावर अंतर १० मिलिसेकंदांनी वाढलं, तर या यंत्रणेची संवेदनशीलता १०. व्यायामात मात्र दाब आणि ठोके एकत्र वाढतात (गैरसमजाचं मूळ बहुधा हेच), कारण तेव्हा ही यंत्रणा ज्या दाबाला ‘नेहमीचा’ मानते, ती पातळीच मेंदू वर सरकवतो. जुनाट उच्च रक्तदाबातही पातळी अशीच सरकते. म्हणून नाडी ७० आणि वरचं बीपी १७० असू शकतं.