केगमधील बिअरमध्ये वायू जास्त झाल्यास काय करावे

न्यू जर्सीतील आमच्या दुकानातून केग (बिअर दाबाखाली साठवण्याची धातूची टाकी), रेग्युलेटर (सिलिंडरमधून येणाऱ्या वायूचा दाब ठरवणारे साधन) आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नेऊन घरी बिअर तयार करणाऱ्या मराठी ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. तोटी उघडताच पेला नुसत्या फेसाने भरतो आणि तो निवल्यावर उरलेली बिअर सोड्यासारखी जिभेला झोंबते, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. अशी बिअर ओतून देऊ नये, ही आमची पहिली विनंती आहे. तिच्यात विरघळलेला जास्तीचा वायू बाहेर काढता येतो. त्यासाठी काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत वेळ मात्र द्यावा लागतो.

उपाय करण्यापूर्वी दोष खरोखर जास्तीच्या वायूचाच आहे का, हे पाहावे. पहिला पेला फेसाळ आणि लगेच भरलेला दुसरा चांगला येत असेल, तर बहुधा तोटी व नळी फ्रिजबाहेर राहून गरम झालेली असते. नळी फार आखूड असली तरीही फेस होतो. ३/१६ इंच आतील व्यासाची नळी १२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) दाबासाठी सुमारे १० फूट लांब असावी. खात्रीची परीक्षा अशी: सिलिंडर बंद करून केगवरची गॅसची जोडणी काढावी, केग २४ तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवावा, त्या काळात एकही पेला भरू नये, आणि मग गॅसच्या बाजूच्या तोंडाला दाबमापक लावून आकडा वाचावा. ३८ अंश फॅरनहाइटला १२ पीएसआय दाब असेल, तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे २.६ पट वायू विरघळलेला असतो, आणि एल या बिअरप्रकारातील बहुतेक अमेरिकन बिअरना तेवढा योग्य आहे. त्याच तापमानाला आकडा ३० असेल, तर ते प्रमाण ४.३ पटींच्या आसपास गेलेले असते. ज्यांच्याकडे दाबमापक नाही, त्यांनी तो दुकानातून दोन दिवसांसाठी न्यावा.

फेस दिसताच रेग्युलेटरचा दाब दोन-तीन पीएसआयवर आणणे हा उपाय जवळजवळ प्रत्येकजण आधी करतो आणि त्यामुळे फेस अधिकच वाढतो, कारण केगमधील दाब कमी पडला की बिअरमधला वायू नळीतच सुटू लागतो आणि तोटीपर्यंत बिअर व बुडबुडे यांचे मिश्रण पोहोचते. रेग्युलेटरमुळे नवा वायू आत जाणे थांबते; आधीच विरघळलेला वायू त्यामुळे कमी होत नाही. तो झाकणावरील दाबमुक्तीच्या व्हॉल्व्हमधूनच सोडावा लागतो.

गॅसची जोडणी काढून त्या व्हॉल्व्हची कडी हळूच ओढावी आणि वरच्या मोकळ्या जागेतील वायू पूर्ण जाऊ द्यावा. त्यानंतर बिअरमधून वायू वर येऊन ती जागा पुन्हा भरते. यास थंड केगमध्ये काही तास लागतात. मग पुन्हा कडी ओढावी. हे किती वेळा करायचे, ते त्या मोकळ्या जागेवर अवलंबून असते. १९ लिटरच्या केगमध्ये १८ लिटर बिअर असेल आणि तिच्यात ३० पीएसआयला मावेल तेवढा वायू पूर्ण विरघळला असेल, तर ३० लिटरहून अधिक वायू काढायचा असतो. पण एक लिटर मोकळ्या जागेतून दर वेळी सुरुवातीला दोन लिटर आणि पुढे तर एक लिटरहूनही कमी वायू जातो. म्हणजे कडी वीस-पंचवीस वेळा ओढावी लागते. केग अर्धा रिकामा असेल, तर तेच काम दोन वेळांत होते. भरलेल्या केगवर तीन-चारदा कडी ओढून फरक पडला नाही, म्हणून निराश होणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

घाई असल्यास केग फ्रिजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, कारण ऊबदार बिअर तितका वायू धरून ठेवत नाही. गॅसची जोडणी काढलेलीच असावी. नाही तर वाढलेल्या दाबाने बिअर नळीतून रेग्युलेटरमध्ये शिरू शकते. केग हलवल्यास वायू आणखी लवकर सुटतो. मात्र हलवल्यानंतर अर्धा तास थांबूनच कडी ओढावी, अन्यथा व्हॉल्व्हमधून फेस उसळतो. हॉप्सचा सुगंध हेच ज्या बिअरचे वैशिष्ट्य आहे, त्या आयपीए (इंडिया पेल एल) प्रकारासाठी आम्ही ही पद्धत सुचवत नाही, कारण सुटणाऱ्या वायूबरोबर सुगंधही जातो. तिथे थंड केग आणि संथ गती हेच बरे.

दाब असताना केगचे झाकण कधीही उघडू नये. खोलीची खिडकी उघडी ठेवावी. काचेच्या बाटल्यांत वायू जास्त झाला असेल, तर वरील उपाय त्यांना मुळीच लागू नाहीत. अशा बाटल्या ऊबेत ठेवल्यास किंवा हलवल्यास फुटून इजा होते.

केग ३८ अंशांना थंड असताना दाबमापकावर १२ पीएसआय दिसू लागले की गॅस १२ वर लावून एक दिवस थांबावे. वायू थोडा जास्तच निघून गेला असला तरी काळजी नाही. काही दिवसांत तो पुन्हा भरून येतो.

दोष पुन्हा होऊ नये यासाठी कारण शोधावे. बिअरमध्ये वायू लवकर विरघळावा म्हणून दाब ३० वर ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरवायचा राहतो, हे नेहमीचे कारण आहे. आम्ही स्वतः त्या दिवसाची चिठ्ठी केगलाच बांधतो. फ्रिज ३२ अंशांपर्यंत उतरला असेल, तर त्याच १२ पीएसआयला प्रमाण २.९ पर्यंत चढते. वायू योग्य प्रमाणात आणल्यावरही, गॅस जोडलेला नसताना आणि तापमान तेच असताना, दाब पुन्हा १२ च्या वर चढत राहत असेल, तर आंबण्याची क्रिया पूर्ण झालेली नाही किंवा बाहेरचे यीस्ट शिरले आहे असे समजावे. तिथे वायू सोडत राहणे पुरेसे नाही. बिअरची घनता मोजून, म्हणजे आंबायची साखर अजून उरली आहे का ते पाहून, मगच पुढचे ठरवावे.

काही ग्राहक हीच साधने महाराष्ट्रातील नातेवाइकांसाठी मागतात. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर करण्यास करमुक्त मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्या वापरासाठी आम्ही साधने देत नाही.

रेग्युलेटरवर लावलेला दाब आपोआप वर सरकत असेल, तर आतील पडदा किंवा वायूचे तोंड बंद करणारी बैठक बहुधा झिजलेली असते. असा रेग्युलेटर वापरणे थांबवून तो दुकानात आणावा. पावती नसली तरी आम्ही तपासून देऊ.