आंतरराज्य करार (अमेरिका)

अमेरिकेतल्या दोन किंवा जास्त राज्यांनी आपापल्या विधिमंडळात एकच मजकूर कायदा म्हणून पास करून एकमेकांशी केलेला बांधील करार म्हणजे इंटरस्टेट कॉम्पॅक्ट. मराठीत आपण आंतरराज्य करार म्हणतो, पण या नोंदीत 'कॉम्पॅक्ट' हा शब्दच ठेवलाय, कारण नुसतं करार म्हटलं की दोन खात्यांमधला साधा समजुतीचा कागदही त्यात येतो आणि कॉम्पॅक्टचं तसं नाही. तो एकाच वेळी कायदाही असतो आणि करारनामाही, म्हणून सही केलेल्या राज्याला उद्या वेगळा कायदा करून त्यातून अंग काढून घेता येत नाही, निदान सहजासहजी तरी नाही. नदीचं पाणी, राज्यांच्या हद्दी, पूल आणि बंदरं, पॅरोलवर सुटलेला कैदी दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचं, नर्सचं एका राज्यातलं लायसन्स दुसरीकडे चालेल का, वादळात शेजारच्या राज्याकडून आलेल्या मदतीचा खर्च कोणाचा, असे सगळे विषय यात येतात. आज असे कॉम्पॅक्ट दोनशेच्या वर आहेत. (खाली 'काँग्रेस' म्हणजे सगळीकडे अमेरिकेची संसद.)

उगम आणि शब्दांचा वाद

घटनेच्या पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात दोन वेगळी वाक्यं आहेत आणि सगळा वाद त्या दोन वाक्यांमधल्या फरकाचा आहे. एका वाक्यात राज्यांना 'ट्रीटी, अलायन्स किंवा कॉन्फेडरेशन' (तह, युती किंवा राज्यसंघ) करायला सरळ बंदी आहे, काँग्रेस हो म्हणाली तरी नाही. दुसऱ्यात 'ॲग्रीमेंट किंवा कॉम्पॅक्ट' करायला काँग्रेसची संमती लागेल असं म्हटलंय. मग ट्रीटी कुठे संपते आणि कॉम्पॅक्ट कुठे सुरू होतो? घटनेत याची व्याख्या नाही. १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनाच्या नोंदींमध्येही यावर म्हणण्यासारखी चर्चा सापडत नाही. घटना घडवणाऱ्यांतल्या जेम्स मॅडिसनने घटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ४४ व्या लेखात या विभागातल्या उरलेल्या बाबी इतक्या उघड आहेत की त्यांवर वेगळं बोलायला नको, असं म्हणून विषय तिथेच सोडलाय.

त्याआधीच्या १७८१ च्या संघराज्य-करारात (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) सहाव्या कलमात दोन राज्यांमधल्या 'ट्रीटी, कॉन्फेडरेशन किंवा अलायन्स'ला काँग्रेसची संमती लागायची, आणि करार कशासाठी आहे, किती काळ चालणार हेही स्पष्ट लिहावं लागायचं. 'ॲग्रीमेंट' हा शब्द तिथे परकीय राजांशी होणाऱ्या व्यवहाराच्या वाक्यात आहे, दोन राज्यांच्या वाक्यात नाही. हा बारीक फरक पुढे महत्त्वाचा ठरला. १७८५ मध्ये मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांनी पोटोमॅक नदीतली जहाज वाहतूक आणि मासेमारी यावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या घरी बसून करार केला आणि काँग्रेसला विचारलंच नाही. १७८७ च्या टिपणात मॅडिसन याला विनापरवाना केलेला कॉम्पॅक्ट म्हणून नावं ठेवतो. पण शंभर वर्षांनी, १८९४ च्या व्हार्टन विरुद्ध वाइज खटल्यात सुप्रीम कोर्टाने उलटं सांगितलं, की हा करार जुन्या कायद्यातल्या 'ट्रीटी, कॉन्फेडरेशन किंवा अलायन्स'मध्ये बसतच नव्हता, म्हणून संमती नसली तरी तो वैधच होता. आपल्याला इथे कोर्टापेक्षा मॅडिसनच्या शब्दाला जास्त वजन द्यावंसं वाटतं, कारण तो त्या काळातला माणूस आहे आणि त्याला हे खटकत होतं एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

शब्दार्थाबद्दल जुने दोन पक्ष आहेत. अमेरिकन कायदेपंडित सेंट जॉर्ज टकर याने १८०३ मध्ये स्विस पंडित व्हाटेलचा आधार घेतला: ट्रीटी म्हणजे कायमची किंवा दीर्घ मुदतीची बांधिलकी, आणि ॲग्रीमेंट म्हणजे एकदा कृती केली की संपणारा व्यवहार. जस्टिस स्टोरी यांनी १८३३ मध्ये वेगळी रेघ ओढली: ट्रीटी म्हणजे युद्ध, मैत्री, व्यापाराचे हक्क असले राजकीय विषय, आणि कॉम्पॅक्ट म्हणजे हद्द, शेजारच्या राज्यातल्या जमिनीतले हितसंबंध असले विषय. व्हाटेलची कसोटी घट्ट लावली तर कोलोरॅडो नदीचा किंवा न्यूयॉर्क बंदराचा कॉम्पॅक्ट ट्रीटी ठरून बादच होईल, कारण दोन्ही अनंत काळासाठी आहेत. बहुधा म्हणूनच कोर्टाने ती कधी लावली नाही, आणि १९७८ मध्ये तर या शब्दांचे मूळ वेगवेगळे अर्थ लवकरच हरवले असं सरळ मान्य केलं.

तिसरं मत १९२५ मध्ये फेलिक्स फ्रँकफर्टर आणि जेम्स लँडिस यांच्या येल लॉ जर्नलमधल्या लेखात आलं आणि आजही बहुतेक लिखाण त्यावरच उभं आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्पॅक्टचं मूळ शब्दांच्या व्याख्येत नाही, वसाहतींच्या काळातल्या हद्दीच्या भांडणांत शोधायला हवं. तेव्हा दोन वसाहतींनी आपसात समझोता करून राजाची मंजुरी घ्यायची, नाहीतर भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे न्यायचं, असे दोनच रस्ते होते. घटनेत राजाच्या जागी काँग्रेस आली, प्रिव्ही कौन्सिलच्या जागी सुप्रीम कोर्ट. ही मांडणी जास्त पटते, कारण १९२० पर्यंत झालेले तीन डझनांच्या आसपासचे कॉम्पॅक्ट बघितले तर बहुतेक हद्दीचेच निघतात.

संमती लागते कधी?

शब्द बघितले तर प्रत्येक ॲग्रीमेंटला. पण १८९३ च्या व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी या हद्दीच्या खटल्यात जस्टिस फील्ड यांनी म्हटलं की ज्या करारामुळे राज्यांची राजकीय ताकद वाढून केंद्राच्या वर्चस्वाला धक्का लागू शकतो त्यालाच संमती हवी. त्यांनी दिलेलं उदाहरण अगदी घरगुती आहे: मॅसॅच्युसेट्सला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी आपलं सामान न्यूयॉर्कच्या एरी कालव्यातून न्यायचं असेल तर त्याच्या भाड्यासाठी काँग्रेसकडे कशाला जायचं? गंमत अशी की त्या खटल्यात संमती होतीच असं कोर्टाने धरलं होतं (काँग्रेसने ती हद्द वर्षानुवर्षं मानून तिच्याप्रमाणे कायदे केले होते), म्हणजे फील्ड यांचं हे वाक्य निकालाला गरजेचं नव्हतं. तरीही १९७८ च्या यू. एस. स्टील विरुद्ध मल्टीस्टेट टॅक्स कमिशन खटल्यात तेच कायम झालं आणि १९६७ चा करविषयक कॉम्पॅक्ट संमतीशिवाय टिकला. मायकेल ग्रीव्ह यांच्यासारखे अभ्यासक ही पळवाट चुकीची मानतात, घटनेत 'कुठलाही' म्हटलंय तर कुठलाही, असं त्यांचं म्हणणं. शब्दांच्या बाजूने ते बरोबर आहेत, पण रोजच्या कारभारात फील्ड यांचीच कसोटी चालते.

करार कसा होतो

राज्यांचे नेमलेले कमिशनर वाटाघाटी करतात, मसुदा ठरतो, मग प्रत्येक विधिमंडळ तोच मजकूर पास करतं, गव्हर्नर सही करतो, आणि लागेल तिथे काँग्रेसचा ठराव किंवा कायदा. संमती आधीही मिळू शकते: १९३४ च्या कायद्याने काँग्रेसने गुन्हेगारी रोखण्याच्या विषयावर राज्यांना आगाऊच हो म्हणून ठेवलंय. अटी घालूनही मिळते. ठराव राष्ट्राध्यक्षाकडे जातो, म्हणून नकारही येऊ शकतो, रिपब्लिकन नदीच्या कॉम्पॅक्टवर रुझवेल्ट यांनी १९४२ मध्ये व्हेटो मारला आणि दुरुस्त मसुदा १९४३ मध्ये मंजूर झाला. संमती मिळाली की, १९८१ च्या कायलर विरुद्ध ॲडम्स निकालाप्रमाणे, विषय काँग्रेसच्या अखत्यारीतला असेल तर तो कॉम्पॅक्ट केंद्रीय कायदा बनतो आणि त्याचा अर्थ लावायचा शेवटचा शब्द केंद्रीय कोर्टांचा.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोलोरॅडो नदीचं. २४ नोव्हेंबर १९२२ ला न्यू मेक्सिकोत सांता फे इथे, हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली सात राज्यांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. यामागचं डोकं कोलोरॅडोचे वकील डेल्फ कार्पेंटर यांचं. कोर्टात भांडत बसण्यापेक्षा राज्यांनी ट्रीटीसारखं बसून ठरवावं असं ते कित्येक वर्षं सांगत होते. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी वाटून दिलं, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ३२७ टीएमसी, तीन कोयना धरणं भरतील एवढं. शिवाय वरच्या राज्यांनी ली फेरी या ठिकाणी कुठल्याही सलग दहा वर्षांत मिळून ७५० लाख एकर-फुटांच्या खाली प्रवाह जाऊ द्यायचा नाही. चूक आकड्यात होती. ज्या वर्षांची मोजणी धरली ती वर्षं भरपूर पावसाची होती आणि नदीत तेवढं पाणी पुढे राहिलं नाही. करारात टक्केवारीऐवजी ठाम आकडा लिहिला, त्याचं ओझं ती राज्यं अजून वाहतायत. १९४८ मध्ये वरच्या राज्यांनी आपसातला वेगळा कॉम्पॅक्ट केला तेव्हा मात्र त्यांनी बहुतेक वाटप टक्क्यांतच लिहिलं, कोलोरॅडोला ५१.७५ टक्के वगैरे. ॲरिझोनाने तर १९२२ च्या करारावर १९४४ पर्यंत शिक्कामोर्तबच केलं नव्हतं.

कारभार

काही कॉम्पॅक्टना यंत्रणाच नसते, हद्दीच्या करारात रेघ ठरली की काम संपलं. बाकीच्यांना कमिशन असतं. १९२१ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने स्थापन केलेली पोर्ट अथॉरिटी यातली जुनी आणि सगळ्यात मोठी, दोन्ही राज्यांचे सहा-सहा कमिशनर, आणि दोन्ही गव्हर्नरांना आपल्या बाजूच्या कमिशनरांच्या ठरावावर व्हेटो. तिला कर लावता येत नाही, टोल, भाडं आणि बाँडवर चालते. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला नोकरीला जाणारी आपली मराठी माणसं रोज ज्या पाथ गाडीत बसतात ती याच अथॉरिटीची. १९६१ च्या डेलावेअर नदी कॉम्पॅक्टमध्ये चार राज्यांबरोबर खुद्द केंद्र सरकार सभासद आहे, तिथला तो पहिलाच प्रयोग. कमिशन कोणाचं, हा प्रश्न मात्र कायम राहतो, कारण एका राज्याचा कायदा त्याला एकतर्फी लागू होत नाही आणि केंद्राच्या खात्यांचे नियमही सहसा लागत नाहीत.

अंमलबजावणी

राज्य विरुद्ध राज्य दावा थेट सुप्रीम कोर्टात जातो. कोर्ट एक स्पेशल मास्टर नेमतं, तो पुरावे घेऊन अहवाल देतो, आणि यात वर्षं नाही, दशकं जातात. पेकोस नदीचा १९४८ चा कॉम्पॅक्ट बघा: कमिशनमध्ये टेक्सासचं एक मत, न्यू मेक्सिकोचं एक मत, केंद्राच्या प्रतिनिधीला मतच नाही, म्हणजे वाद झाला की गाडी अडलीच. टेक्सास १९७४ मध्ये कोर्टात गेलं. स्पेशल मास्टरने सुचवलं की तिसऱ्याला निर्णायक मत द्या. १९८३ मध्ये कोर्टाने नाही सांगितलं, राज्यांनी जो करार केला आणि काँग्रेसने मंजूर केला तो आम्ही नव्याने लिहिणार नाही. नंतर १९८७ मध्ये भरपाई पैशातही देता येते हे मान्य झालं आणि दरवर्षी हिशोब करायला रिव्हर मास्टर नेमला गेला.

हाच धागा २०१० च्या अलाबामा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना निकालात दिसतो. कमी किरणोत्सारी कचरा टाकायच्या जागेसाठी तिथल्या कॉम्पॅक्टच्या कमिशनने नॉर्थ कॅरोलायनाला सुमारे ८ कोटी डॉलर दिले, जागा झाली नाही, राज्य बाहेर पडलं, कमिशनने दंड ठोकला. कोर्ट म्हणालं की दंड लावायचा अधिकार कॉम्पॅक्टच्या मजकुरात नाही. उलट कान्सास विरुद्ध नेब्रास्का (२०१५) मध्ये जाणूनबुजून जास्त पाणी उचलल्याबद्दल ३७ लाख डॉलर नुकसानभरपाई आणि वर नेब्रास्काच्या फायद्यातले १८ लाख डॉलर द्यायला लावले.

राज्य आपल्याच घटनेकडे बोट दाखवून सुटू शकतं का? ओहायो नदीच्या स्वच्छतेच्या कॉम्पॅक्टचे १२,२५० डॉलर द्यायला वेस्ट व्हर्जिनियाचे ऑडिटर सिम्स यांनी नकार दिला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे फिरवलं, आणि निकाल लिहिला १९२५ च्या त्याच फ्रँकफर्टर यांनी.

बाहेर पडण्याबद्दल कॉम्पॅक्ट गप्प असेल तर काय, याचं उत्तर २०२३ मध्ये आलं. बंदरातल्या गुन्हेगारीवर लक्ष ठेवायला न्यूयॉर्कबरोबर केलेलं १९५३ चं वॉटरफ्रंट कमिशन सोडायला न्यू जर्सी मोकळं आहे असा एकमताचा निकाल लागला, कारण चालू कामाचा, मुदत नसलेला करार कुठलाही पक्ष संपवू शकतो हा कराराच्या कायद्यातला साधा नियम. पाणीवाटप आणि हद्दीच्या कॉम्पॅक्टना हे लागू नाही असं कोर्टाने मुद्दाम नमूद केलं. २०२४ मध्ये रिओ ग्रांदेच्या १९३८ च्या कॉम्पॅक्टवर राज्यांनी आपसात केलेली तडजोड केंद्राच्या हरकतीमुळे ५ विरुद्ध ४ मतांनी अडली.

भारताशी तुलना

आपल्या घटनेत असं कॉम्पॅक्टचं कलम नाही. कलम २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा यांचा भर लवादावर आहे. तरी गोदावरी लवादाचा १९८० चा निवाडा मुख्यतः महाराष्ट्र, आंध्र आणि इतर राज्यांनी १९७५ पासून आपसात केलेल्या करारांवरच उभा आहे, आणि महाराष्ट्र-गोव्याचा तिळारी प्रकल्पही दोन सरकारांमधल्या करारातूनच झालाय.