बेवारस रुग्णांचे डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूच्या एका प्राणी रुग्णालयात वागळे इस्टेटमधील एक पहारेकरी रिक्षातून कुत्रा घेऊन आला. कुत्रा पोत्यात गुंडाळलेला होता आणि त्याच्या कानामागच्या जखमेत किडे पडले होते. डॉक्टरांनी आधी त्याचे तोंड गॉजच्या पट्टीने बांधले, जखमेत टर्पेंटाइनचा बोळा धरला आणि वर येणारे किडे चिमट्याने एकेक करून ट्रेमध्ये टाकायला सुरुवात केली. मदतनीस केसपेपर भरत होता. मालकाच्या नावाच्या रकान्याशी तो थांबला, तेव्हा डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "रोड नंबर सोळा, पानटपरीजवळ, असं लिही."

त्या रकान्यात माणसाच्या नावाऐवजी टपरीचा पत्ता येण्यामागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्याकडील पशुवैद्यकाचे शिक्षण, त्याचे कायदे आणि त्याचे सरकारी खाते हे सर्व जनावराला धनी असतो असे धरूनच उभे राहिले. ज्याला धनी नाही अशा जनावराची शुश्रूषा मात्र धर्मादायाच्या वाटेने आली, आणि ठाणे व नवी मुंबईच्या प्राणी रुग्णालयांत आज काम करणारे डॉक्टर या दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे उभे आहेत.

धर्मादायाची वाट मुंबईत कुत्र्यांपासूनच सुरू झाली. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम आणि त्यासाठी कुत्र्यामागे मिळणारे बक्षीस यांमुळे जून १८३२ मध्ये शहरात दंगल उसळली. पारशी समाज त्यात पुढे होता, इतरही सामील झाले आणि बाजार बंद पडला. कुत्री मारण्याऐवजी त्यांना शहराबाहेर ठेवावे, असा अर्ज प्रतिष्ठितांनी केला, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळात चारा, पाणी आणि आसरा मिळे, पण त्यात मूळ कल्पना जीव वाचवण्याची होती, रोग बरा करण्याची नव्हती. मोकाट कुत्र्यांचे काय करायचे हा प्रश्न आज आपण नवा समजतो. तोच वाद, जवळपास त्याच शब्दांत, लोहमार्ग ठाण्याला पोहोचण्याच्या एकवीस वर्षे आधी मुंबईच्या रस्त्यावर लढला गेला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरी वाट घोड्याची आणि बैलाची. प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्र यांच्या नावावरून आलेला सालोत्री हा शब्द घोड्याच्या वैद्याला लावला जाई, आणि इंग्रजी अमलातही लष्कराला प्रथम घोड्यांचेच डॉक्टर हवे होते. मुंबईत प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. ओझ्याखाली खचलेले, खांद्याला जखमा झालेले गाडीचे बैल ती पकडून आणू लागली, तेव्हा त्यांना ठेवण्यासाठी आणि बरे करण्यासाठी जागा लागू लागली. दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये त्याच्याच आधाराने मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. दयेने बांधलेल्या रुग्णालयात विद्यार्थ्यांनी हात तयार करायचा, ही परळची रचना त्या काळी विलक्षण म्हणावी अशी होती.

मात्र तिथून बाहेर पडणाऱ्या पदवीधराची नेमणूक शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी होई. १८९२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी पशुवैद्यक खात्यापुढे बुळकांडीसारखे गुराढोरांचे साथीचे रोग होते. देशभरातील बुळकांडी निर्मूलनाचा कार्यक्रम १९५४ मध्ये हाती घेतला गेला, २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग गेला. या यशात खेडोपाडी लस टोचत फिरलेल्या पशुवैद्यांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची आठवण शहरी वाचकाला क्वचितच असते. म्हशींचे गोठे मुंबईबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत झाली तरी ठाण्याच्या तबेल्यांत ढोरांचा डॉक्टर हीच पशुवैद्याची ओळख राहिली. कुत्रा हा त्या व्यवसायात बंगल्यातला रुग्ण होता. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी त्यात जागाच नव्हती.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये आला. त्याच्या पस्तिसाव्या कलमाने राज्य सरकारांना जनावरांसाठी शुश्रूषागृहे नेमण्याचा अधिकार दिला. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणी असलेल्या पदवीधरालाच उपचार करता येतील, असे बंधन घातले.

याच काळात आपला प्रदेश बदलत होता. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. ठाण्याची महानगरपालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. जमिनीचा मोबदला, विकसित भूखंड, पुनर्वसन या सर्वांचा हिशेब झाला, वाद झाले, लढे झाले, पण आगरी-कोळी गावठाणांत अंगणाशी बांधिलकी ठेवून असलेल्या कुत्र्यांचा हिशेब कुणी केला नाही, आणि तसा तो कुणी करील अशी अपेक्षाही नव्हती. खळी गेली, शेते गेली, मिठागरे बुजली आणि घराघरांत भाकरतुकडा मिळवणारे कुत्रे बाजार समितीच्या, रेल्वे स्थानकांच्या आणि सोसायट्यांच्या कचऱ्यावर जगू लागले. गावात ते अमक्याच्या आळीतले कुत्रे होते. शहराच्या कागदावर ते मोकाट ठरले.

मोकाट कुत्र्यांना मारण्याची पालिकांची जुनी पद्धत रेबीजच्या भीतीवर उभी होती आणि ती भीती खरी होती, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आमच्या पिढीला अजून आठवते. चेतापेशींपासून बनवलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. मारून संख्या घटत नाही, कारण रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात आणि पिले वाढतात, हे मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेने १९६४ पासून मांडले होते. तिथल्या महापालिकेने १९९६ मध्ये निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला. २००१ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात क्रूरता प्रतिबंधक संस्था असावी आणि तिच्या शुश्रूषागृहात पूर्णवेळ पशुवैद्य असावा, असे म्हटले. उपनगरांतील प्राणी रुग्णालयांच्या डॉक्टरांना आपली अशी जागा मिळाली ती या दोन नियमांमुळे, अन्यथा ठाण्यातल्या जखमी जनावराला परळ गाठण्याखेरीज फारसा पर्याय नव्हता.

रुग्णाला मालक नसला की शस्त्रक्रियेचे तंत्रही बदलते, आणि या डॉक्टरांचे खरे कौशल्य तिथे दिसते. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, त्यामुळे टेबलावर आलेली मादी गाभण असण्याची शक्यता नेहमीच असते आणि तसे सांगायला सोबत कुणी नसते. पोटावर हात फिरवून, स्तन पाहून, हिरड्यांचा रंग पाहून डॉक्टरांना आजाराचा पूर्वेतिहास स्वतःच वाचावा लागतो. छेद जमेल तितका लहान ठेवावा लागतो, कारण चार-पाच दिवसांत ती रस्त्यावर परत जाणार असते. टाके विरघळणाऱ्या धाग्याचे घालावे लागतात, कारण ते काढायला तिला परत आणणारे कुणी नाही. पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देण्यात अर्थ नसतो, म्हणून दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक इंजेक्शनने दिले जाते. भुलीतच कानाला खाच पाडतात, म्हणजे पुन्हा तीच कुत्री पकडली जात नाही. आणि पिंजऱ्यावरची पकडल्या ठिकाणाची चिठ्ठी डॉक्टर स्वतः तपासतात, कारण चुकीच्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्याला तिथला कळप टिकू देत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी कर्करोगाची एक गाठ फार आढळते. विन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाची इंजेक्शने आठवड्याच्या अंतराने काही वेळा दिली की ती बहुधा पूर्ण विरते. पण दर आठवड्याला तोच कुत्रा हाती लागला पाहिजे. तो आणून देणारे रिक्षावाले, मासळी विकणाऱ्या मावशी, सुरक्षारक्षक यांच्या भरवशावरच हा उपचार पुरा होतो, आणि त्यांच्याशी गोडीने बोलणे हाही डॉक्टरांच्या कामाचा भाग झाला आहे. पालिका निर्बीजीकरणाचे पैसे साधारणतः कुत्र्यामागे ठरलेल्या दराने देतात. किडे काढण्यात गेलेला तास, मोडलेल्या पायाला दिलेला आधार किंवा डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने झटके येणाऱ्या पिलाजवळची रात्र त्या दरात धरलेली नसते. हा खर्च देणग्यांवर आणि डॉक्टरांच्या जादा तासांवर चालतो, आणि मला हे अन्यायाचे वाटते.

२०२३ च्या नव्या नियमांनी या प्राण्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आपला आधीचा आदेश बदलून, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे असे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके अशा आवारांतील कुत्री मात्र तिथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. त्यामुळे पिंजऱ्यावरची चिठ्ठी आता आणखी बारकाईने वाचावी लागते, आणि परत पाठवता न येणाऱ्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न जागेच्या टंचाईत रोज उभा राहतो.

वागळे इस्टेटचा कुत्रा बाराव्या दिवशी व्हॅनमध्ये चढवला गेला. जखमेभोवतीचे केस अजून आले नव्हते. डॉक्टरांनी चालकाला चिठ्ठी वाचून दाखवली आणि पहारेकऱ्याची पाळी संध्याकाळी सातला सुरू होते, तेव्हा सातनंतरच सोड, असे बजावले.