मटण आधी आखडतं, मग सुटतं

परवा भाच्याने पुण्याहून कढईचा फोटो पाठवला. रंग लालभडक, वर तेलाची तर्री, बघूनच भूक लागावी असा रस्सा. खाली ओळ होती: 'मामा, मटण वातड झालंय आणि रस्सा पिठूळ. पाकिटावर तर वीस मिनिटं लिहिलंय.' मी त्या तयार मसाल्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. मीठ, मिरचीपूड, साखर, मक्याचं स्टार्च, कांद्याची पूड, मग ६२७ आणि ६३१ ही चव खुलवणारी द्रव्यं. रस्सा पिठूळ का झाला हे तिथेच छापलं होतं. मटण वातड का झालं याचं उत्तर मात्र पाकिटात कुठेच नव्हतं, कारण ते मसाल्यात नसतंच.

ते उत्तर माझ्या कोल्हापूरच्या आत्याला पाठ होतं. 'मटान आदी आखडतंय, मग सुटतंय. मधल्या टायमाला जो घाबरला, त्येचं मटान वातड,' असं ती म्हणायची. प्रथिनांचं रसायनशास्त्र शिकताना कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की या वाक्यात एक अख्खं प्रकरण आहे.

मांस म्हणजे स्नायूंच्या तंतूंच्या जुड्या. त्यांना बांधून ठेवणारी दोरी म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. बकरा जो अवयव जास्त वापरतो, त्यात ते जास्त: मान, नळी, खूर. त्याची रचना मला प्रथिनांमधली सगळ्यात देखणी वाटते, आणि ती उलगडण्यात आपल्याकडच्या माणसांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली तिचा आराखडा मांडला. त्यासाठी क्ष-किरणांची छायाचित्रं घेतली ती कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या पट्टीची), आणि ती कंडरा आली होती मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. कातडं कमावण्याचं शास्त्र आणि मटण शिजवण्याचं शास्त्र ही सख्खी भावंडं आहेत, कारण दोन्हींचा कच्चा माल एकच.

तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. प्रत्येकीत सुमारे हजार अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे दुवे, आणि त्यात दर तिसरं ग्लायसीनच. ते का? वेणीच्या मधोमध इतकी दाटी असते की तिथे फक्त सगळ्यात लहान अमिनो आम्ल मावतं, आणि ग्लायसीनची बाजूची फांदी म्हणजे हायड्रोजनचा एकुलता एक अणू. तिथे दुसरं कोणी घुसलं की वेणी फुगते, बिघडते. माणसात हाडं ठिसूळ होण्याचा एक आनुवंशिक आजार नेमका असाच होतो. उरलेल्या जागांवर बऱ्याचदा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन असतात. या दोघांच्या अंगातच कडं असल्यामुळे साखळीला हवं तसं वळता येत नाही, ती ताठ राहते. प्रोलीनचं हायड्रॉक्सिप्रोलीन करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की वेण्या कच्च्या राहतात. महिनोनमहिने समुद्रावर काढणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं ते म्हणूनच. थंड समुद्रातल्या माशांत हायड्रॉक्सिप्रोलीन कमी असतं, त्यामुळे त्यांच्या वेण्या बकऱ्याच्या वेण्यांपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला उकलतात. मासा दहा मिनिटांत शिजतो त्यामागे हेही एक कारण. (इथवर वाचून दमला असाल तर एवढंच धरून चला: तीन पेडांची, ताठ, घट्ट वेणी.)

आता कढई चुलीवर ठेवू. मांसाचं तापमान साधारण ६० ते ६५ अंशांवर गेलं की वेण्या सैल होतात, आणि ताणून बसवलेला कोलॅजनचा तंतू एकदम आक्रसतो. सुटी कंडरा गरम पाण्यात टाकली तर ती मूळ लांबीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. मांसात ही दोरी जुड्यांभोवती आवळलेली असते, त्यामुळे ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर पडतं. मटण कच्चं होतं त्याहून आता जास्त चिवट लागतं. आत्याचं 'आखडतंय' ते हेच, आणि भाच्याने गॅस बंद केला तो नेमका याच टप्प्यावर.

'सुटतंय' याला वेळ लागतो. सैल पडलेल्या साखळ्या एकमेकींना पक्क्या रासायनिक टाक्यांनी शिवलेल्या असतात. ते टाके पाणी एकेक करून उसवतं आणि साखळ्या रश्शात उतरतात. त्या उतरलेल्या कोलॅजनचं नाव जिलेटिन. बकरा जून असेल तर टाके जास्त आणि पक्के, म्हणून वेळही जास्त. उकळत्या पाण्यात याला दीड ते दोन तास लागतात. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, या ढोबळ नियमाने २० अंशांना चौपट. दोन तासांचं काम अर्ध्या तासात उरकतं.

कोल्हापुरात मटणावर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ठेवतात आणि तेच तापलेलं पाणी रश्शात ओततात. गार पाणी घातलं तर मटण दगड होतं, असं आत्या सांगायची. तसं काही होत नाही. तापमान उतरतं, टाके उसवण्याचं काम तेवढा वेळ रेंगाळतं, इतकंच. 'आधी तेलात परतलं की रस आत कोंडला जातो' हीसुद्धा अशीच एक समजूत. ती युस्टस फॉन लीबिग या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली पसरवली. परतताना येणारा चर्र आवाज हाच मुळी पाणी बाहेर पडून वाफ होत असल्याचा पुरावा! परतायचं ते रंगासाठी आणि वासासाठी. खोबरं-कांदा भाजून वाटण करतो तेही त्याचसाठी.

याच लीबिगला आजच्या पाकिटांचा आजोबा म्हणता येईल. १८६५ पासून त्याच्या नावाच्या कंपनीने उरुग्वेतल्या फ्राय बेंटोसमध्ये मांसाचा अर्क आटवून विकला. साधारण ३० किलो मांसातून एक किलो अर्क निघायचा, आणि त्यात चरबी नाही, जिलेटिनही नाही, अशी जाहिरात व्हायची. म्हणजे रश्शाचं अंग काढून फक्त चव विकली. पाकिटातले ६२७ आणि ६३१ तेच करतात. ग्वानिलेट आणि इनोसिनेट ही मांसल चव खुलवणारी संयुगं आहेत, त्यातलं इनोसिनेट मटणात मुळातच असतं. ती विषारी नाहीत, 'अजिनोमोटो'सुद्धा विषारी नाही. व्हॉट्सॲपवर काहीही फिरो. फक्त त्यांना दाटपणा देता येत नाही, म्हणून सोबत मक्याचं स्टार्च. स्टार्च जिभेवर लेप देतं. जिलेटिन ओठ हलकेच चिकटवतं आणि तोंडात विरघळून जातं, कारण त्याचा गोळा ३५ अंशांच्या आतच वितळतो.

उलट टोकाला गुडघ्यांसाठी कोलॅजनच्या पावडरींचे महागडे डबे विकणारे आहेत. पोटात गेलेल्या वेणीचे पचनात तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांवर 'उजवा गुडघा' असा पत्ता लिहिलेला नसतो. पायाचा रस्सा चवीसाठी खुशाल ओरपा.

भाच्याला कळवलं: फेकू नकोस, गरम पाणी घाल आणि कुकरच्या शिट्ट्या न मोजता मंद आचेवर अर्धा तास ठेव. पुढच्या वेळी खाटकाकडून बिनहाडाचं न घेता मान आणि नळी घे. हळद, मीठ, आलं-लसूण लावून आधी नुसतं, तिखट न घालता शिजव; त्या पाण्याला आपल्याकडे अळणी म्हणतात. त्या पाण्यात खसखस, तीळ, काजू आणि नारळाचं दूध गेलं की पांढरा. भाजलेलं वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी गेली की तांबडा.

पंधरा दिवसांनी दुसरा फोटो आला. रात्री उरलेल्या अळणीची वाटी सकाळी फ्रीजमधून काढून उपडी धरलेली, आणि आतलं पडत नाहीये. गारव्यात जिलेटिनच्या साखळ्या पुन्हा तीन-तीनच्या वेण्या घालू पाहतात. अख्खी वेणी जमत नाही, इथे थोडी तिथे थोडी अशी जमते, आणि त्या अर्धवट विणीच्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. खाली त्याने विचारलं होतं, 'मामा, हे खराब झालं का?'