बर्चला थंडी वाजू द्या

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत एक परकं रोप उगवलं. बोटभर उंची, टोकदार दातेरी पानं. आम्ही फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळ एस्पोला राहतो. इमारतीभोवती बर्चची झाडंच झाडं, आणि त्यांचं बी म्हणजे दोन पारदर्शक पंख लावलेली टिकली. एका ग्रॅममध्ये अशी हजारो बसतात. त्यातलंच एक वाऱ्यावर आलं, ओल्या मातीवर पडलं आणि रुजलं. उपटून टाकवेना, म्हणून वेगळ्या कुंडीत लावलं. सप्टेंबरात रात्री गारठू लागल्या तशी तुळस घरात आणली, तिच्याबरोबर हेही आणलं.

तुळशीसाठी ते बरोबरच होतं. बर्चचे मात्र त्यात हाल झाले. बाहेरची झाडं ऑक्टोबरात पिवळीधमक होऊन रिकामी झाली, तेव्हा माझ्या रोपाची निम्मी पानं हिरवीच होती. डिसेंबरात ती एकेक करून करपून गळली. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली: लाल कोळी ही कीड. मेमध्ये बाहेरच्या बर्चना उंदराच्या कानाएवढी पालवी फुटली (इथे त्या अवस्थेला ‘उंदराचे कान’ असंच म्हणतात), पण घरातल्या रोपाचा फक्त शेंड्याचा एक डोळा (म्हणजे जिथून पालवी फुटते ती मिटलेली कळी) कसाबसा उघडला. बाकीचे मिटलेलेच. शेजारच्या आजींनी कुंडी पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “याला हिवाळा मिळालाच नाही.”

हिवाळा मिळणं म्हणजे झाडाच्या आत नेमकं काय होणं, हे कळलं की बर्चची निगा कशी राखायची ते आपोआप कळतं.

डोळ्याच्या आत वाढणाऱ्या पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. या पेशी अतिसूक्ष्म नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या नळ्यांतून साखर, पाणी आणि वाढीचे निरोप इकडून तिकडे जातात. दिवस लहान होऊ लागले की बर्च या नळ्यांच्या तोंडांवर कॅलोज नावाच्या चिवट पदार्थाची बुचं बसवतो. निरोप थांबतात, पेशी एकेकट्या पडतात आणि वाढ बंद होते. त्यानंतर कितीही ऊब मिळाली तरी डोळा फुटत नाही. ही बुचं विरघळवणारी विकरं (एन्झाइम) नळ्यांपाशी पोचतात ती थंडीत, शून्य ते पाच अंशांच्या आसपास काही आठवडे काढल्यावर. बर्चच्याच कोंबांवर झालेल्या अभ्यासांतून हे समोर आलं आहे. म्हणजे वसंतात झाड जागं होतं त्याची तयारी गारठ्यात झालेली असते. ऊब फक्त शेवटचा धक्का देते.

याचा पडताळा मी स्वयंपाकघरातच घेतला. ऑक्टोबरात बर्चची एक डहाळी कापून पाण्याच्या पेल्यात ठेवली. महिना गेला तरी डोळे दगडासारखे. फेब्रुवारीत त्याच झाडाची दुसरी डहाळी आणली. दोन आठवड्यांच्या आत डोळ्यांची तपकिरी खवलं सरकली आणि आतून चिकट, घडीघडीची, पोपटी पानं बाहेर आली. हात लावला तर बोटाला राळेचा वास. पेला तोच, खिडकी तीच. फरक फक्त मधल्या चार महिन्यांच्या थंडीचा.

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी काडीवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ते जहाल रसायन आहे, घरातल्या कुंडीजवळ त्याचं काही काम नाही. बर्चला खरी थंडीच द्यायची.

दुसरा घोटाळा दिव्यांचा. दिवस लहान झाला हे झाड ओळखतं ते अखंड काळोख किती वेळ टिकला यावरून. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य त्याचा हिशेब ठेवतं. हेलसिंकीत जूनमध्ये दिवस जवळपास एकोणीस तासांचा असतो, डिसेंबरात पावणेसहा तासांचा. पण दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दिवा जळत असेल, तर तिथल्या रोपाचा दिवस मावळतच नाही. रस्त्यावरच्या दिव्याला खेटून असलेल्या फांद्यांची पानं इतरांपेक्षा उशिरा गळतात, तेही यामुळेच. आणि गंमत अशी की निरोप द्यायला पुरेसा असणारा हा उजेड पोट भरायला अगदीच अपुरा असतो. उन्हाळी दुपारी बाहेर लाखभर लक्स प्रकाश असतो, खोलीच्या मध्यावर दोन-तीनशे. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. बर्च हा मोकळ्या जागेत सर्वांत आधी येणारा, भरपूर ऊन खाणारा वृक्ष. खोलीत त्याची खाण्यापेक्षा खर्चण्यावरच जास्त शक्ती जाते, कारण ऊब वाढली की श्वसनही वाढतं, साधारण दहा अंशांमागे दुप्पट.

हवेचंही तसंच. बाहेर उणे 10 अंश असताना एका घनमीटर हवेत फार तर सव्वादोन ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली की तिची धारणक्षमता 18 ग्रॅमच्या वर जाते, पण बाष्प तेवढंच राहतं. आर्द्रता जेमतेम 12 टक्के. मे महिन्यातल्या विदर्भातल्या दुपारीसारखी कोरडी हवा, आणि लाल कोळ्याला ती फार मानवते.

तेव्हा कुंडीतल्या बर्चचं घर म्हणजे बाल्कनी. घरात ठेवायचाच असेल तर न तापवलेली, थंड, उजेडाची जागा हवी. काचबंद बाल्कनी त्याला उत्तम. पानं गळू द्यायची, त्यात काही आजार नाही. पानं नसताना प्रकाशही फारसा लागत नाही.

फक्त मुळांची काळजी घ्यायची, आणि हे मला सर्वांत उशिरा समजलं. बर्चच्या फांद्या उणे 40 अंशसुद्धा सोसतात. मुळं तेवढी काटक नसतात, कारण जमिनीत त्यांच्यावर माती आणि बर्फाचं पांघरूण असतं. कुंडीला चारही बाजूंनी वारा लागतो. मी कुंडी मोठ्या खोक्यात ठेवली, भोवती कोरडी पानं ठासली, वरून गोणपाट गुंडाळलं. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, माती गोठलेली नसेल तेव्हाच, नुसती ओल राहील इतपत. जानेवारीत दया येऊन घरात आणायचं नाही. तोवर थंडीचा कोटा पुरा झालेला असतो, झाड लगेच जागं होतं आणि अंधाऱ्या खोलीत पांढुरके, लांबट कोंब काढत बसतं.

उन्हाळ्यात त्याची तहान मात्र जबर असते. मुळं उथळ आणि तंतुमय, त्यामुळे कुंडी रुंद हवी आणि पाणी रोज, कडक उन्हात दोनदा. छाटणी वसंतात करू नये. त्या दिवसांत मुळांचा दाब इतका असतो की कापलेल्या जागेतून गोडसर रस टपटपत राहतो. इथले लोक मोठ्या झाडांना भोक पाडून तो रस पितात. छाटायचंच तर उन्हाळ्याच्या अखेरीस.

पुण्याहून मैत्रिणीने विचारलं, तिच्या गॅलरीत बर्च जगेल का? मी स्पष्ट नाही म्हटलं. थंडीचा प्रश्न आहेच, पण दिवसाचा प्रश्न त्याहून अवघड. फिनलंडच्या बर्चला सोळा-सतरा तासांपेक्षा लहान दिवस म्हणजे शरद ऋतूची चाहूल. पुण्यातला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. बिचाऱ्याला तिथे भर जूनमध्ये सुद्धा झोपायची वेळ झाली असंच वाटेल.

तिच्या शहरात बर्च आहे तो वेगळ्या रूपात. हिमालयातला बर्च म्हणजे आपला भूर्ज, भोजपत्र. संस्कृतचे जर्मन अभ्यासक गेओर्ग ब्यूलर यांनी 1875 साली काश्मीरमधून मिळवलेली ऋग्वेदाची शारदा लिपीतली भूर्जपत्रावरची पोथी आज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहे. ही साल पाणी आणि बुरशी दोन्हींना दाद देत नाही. बर्चच्या सालीला पांढरा रंग देणारा बेट्युलिन हा पदार्थही तिच्या या टिकाऊपणाला हातभार लावतो.

माझ्या रोपाची साल अजून तपकिरीच आहे, तीवर बारीक पांढरे ठिपके. पांढरी साल यायला आणखी काही वर्षं लागतील. गेला हिवाळा त्याने खोक्यात काढला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गोणपाट सोडलं, तेव्हा खालपासून वरपर्यंत सगळे डोळे फुगलेले होते. शेंड्याच्या डोळ्यावर राळेचा एक थेंब चमकत होता.