डीजेचं टेबल आणि कोपराची उंची

माझा भाचा बडोद्यात लग्नांमध्ये आणि गणपतीत डीजे वाजवतो. डिसेंबरातल्या एका रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी तो दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला, तो मान एका बाजूला धरूनच. "मामा, डावीकडे वळतच नाही बघ." घरात लगेच निदानं सुरू झाली. कुणी थंडीला दोष दिला, कुणी जागरणाला. मी त्याच्या मोबाइलमधले आदल्या रात्रीचे फोटो पाहिले. वेळ वेगळी, समोरची माणसं वेगळी, पण हा मात्र प्रत्येक फोटोत तसाच: गुडघे ताठ, कंबरेत वाकलेला, हनुवटी छातीकडे. चार तास.

त्याच्यासमोर मंडपवाल्याचं नेहमीचं घडीचं टेबल होतं, झालर लावलेलं. अशी टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. खुर्चीत बसून जेवायला किंवा लिहायला ही उंची उत्तम. उभं राहून हातांनी बारीक काम करायला मात्र ती फारच कमी पडते.

उभ्याने करायच्या कामाची उंची जमिनीपासून नव्हे, कोपरापासून मोजायची असते. दंड सैल सोडून हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं ते अंतर म्हणजे तुमचं मूळ माप. ते साधारणपणे माणसाच्या उंचीच्या ६३ टक्के भरतं. हलक्या हातकामासाठी कामाची पातळी कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली असावी, असं श्रमशास्त्र (अर्गोनॉमिक्स) सांगतं. कणीक मळण्यासारखं जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली, कारण तिथे अंगाचा भार वापरायचा असतो. घड्याळजीचं काम उलट कोपराच्या वर, कारण तिथे डोळा जवळ लागतो. डीजेचं काम या दोहोंच्या मधलं. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं, सरकवायला जोर लागत नाही, पण मिलिमीटरचा अंदाज लागतो.

भाच्याची उंची १७२ सेंटिमीटर. कोपर १०८ वर, बुटांचे अडीच धरून सुमारे १११. टेबल ७५, त्यावर कंट्रोलर (गाणी मिसळायचं बटणांचं यंत्र) ६ सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे बटणं ८१ वर. कोपर आणि बटणं यांत ३० सेंटिमीटरचं अंतर, एक वीत आणि वर चार बोटं. कोपर काटकोनात ठेवून हात तिथे पोचत नाहीत, म्हणून पाठ वाकते. बटणं दिसावीत म्हणून मानही खाली जाते.

आता मानेचं गणित. डोकं सुमारे ५ किलोचं. ते मणक्यांवर सरळ तोललेलं असताना मागच्या स्नायूंना फारसं काम नसतं. पुढे झुकलं की ते तरफेच्या लांब टोकाला लटकतं, आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू टेकूच्या अगदी जवळ, आखूड टोकाला असतात. दरवाजा बिजागरीजवळ हात लावून ढकलून पाहा, म्हणजे त्या स्नायूंची अवस्था कळेल. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावरून हिशेब मांडला: मान ३० अंश झुकली की मणक्यावरचा भार सुमारे १८ किलोंइतका, ६० अंशांवर सुमारे २७ किलोंइतका. हे जिवंत माणसात मोजलेले आकडे नव्हेत, त्यामुळे एकेका किलोवर हटून बसू नये. पण दिशा स्पष्ट आहे. कंबरेबाबत मात्र प्रत्यक्ष मोजमाप झालेलं आहे. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात स्वयंसेवकांच्या कंबरेतल्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. ताठ उभं असतानाच्या तुलनेत, थोडं पुढे वाकून उभं राहिल्यावर तो सुमारे दीडपट झाला.

आणि या सगळ्यात दुखणं आणणारी गोष्ट वजनापेक्षा स्थिरता आहे. स्नायू आकुंचन पावतो आणि सैल होतो तेव्हा रक्त आत-बाहेर खेळतं. तो सतत आवळलेलाच राहिला तर त्यातल्या बारीक वाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पोचतो, थकवा साचत जातो. नाचणारे दमतात आणि सकाळी ताजे उठतात. डीजे जागचा हलत नाही आणि सकाळी त्याची मान धरते, ती यामुळेच.

मग टेबल पार उंच करावं का? तेही चुकीचं, आणि ही चूक मी उत्साही मुलांना करताना पाहिली आहे. बटणं कोपराच्या बरीच वर गेली की खांदे कानांकडे चढतात, दंड अंगापासून सुटतात, मनगटं मागे मुडपतात. ६० किलोच्या माणसाचा एक हात साधारण ३ किलोंचा. दंड सरळ खाली लटकलेला आणि फक्त कोपरापासूनचा हात आडवा असेल, तर खांद्यावर येणारं पीळबल (फिरवणारा जोर) सुमारे २ न्यूटन-मीटर. तोच हात खांद्यातून सरळ पुढे पसरला, तर साडेआठच्या आसपास, म्हणजे चौपट. हात तोच, वजन तेच. फक्त दंड अंगाला लागून आहे की नाही, एवढाच फरक.

आणखी एका ठिकाणी नेहमी गल्लत होते. मोजायची उंची टेबलाची नाही, बोटं जिथे टेकतात त्या पृष्ठभागाची. छोटा कंट्रोलर ६ सेंटिमीटरचा, क्लबमधले मोठे सीडी प्लेअर १२ च्या आसपास, तबकडीचा टर्नटेबल त्याहून उंच. खाली फ्लाइट केसचा, म्हणजे यंत्र नेण्याच्या पेटीचा, तळ तसाच ठेवला तर आणखी काही सेंटिमीटर. तेच टेबल एका यंत्राला योग्य आणि दुसऱ्याला उंच ठरतं. दोघे डीजे आळीपाळीने वाजवणार असतील तर उंच माणसाच्या मापाने टेबल लावावं आणि बुटक्याच्या पायाखाली रुंद, न डगमगणारी फळी द्यावी. घरातला पाट नको. अंधारात पाय घसरला तर मानेपेक्षा मोठं दुखणं होईल.

बडोद्यात हे सांगताना मला सुरसागर तलावासमोरचं संगीत महाविद्यालय आठवतं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौला बक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेची ती परंपरा. तबलजी मांडी घालून बसतो, तबल्याखालची चुंबळ सरकवतो, तोंडाचा कल बदलून पाहतो, आणि हात सैल पडेपर्यंत वाजवायला सुरुवात करत नाही. कोपर आणि वाद्य यांचं नातं त्याला गुरूकडून मिळतं. डीजेच्या पोराला ते कुणी शिकवत नाही. त्याला मंडपवाला देईल ते टेबल मिळतं. आणि आपल्या शरीरांची मापंही दूर शोधायला नकोत: भारतीयांच्या शरीरमापांचं संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्येच प्रसिद्ध केलं आहे.

झालरीबद्दल एक सांगायलाच हवं. झालर ताणून बांधली किंवा टेबलाखाली रिकाम्या केसेस रचल्या, की पावलं आत जात नाहीत. माणूस टेबलापासून वीतभर मागे उभा राहतो आणि ती वीत पुन्हा कंबरेतूनच भरून काढतो. मागच्या बाजूने झालर सोडून ठेवा. खाली १०-१५ सेंटिमीटर उंचीचं काहीतरी असेल तर एकेक पाय आलटून-पालटून त्यावर ठेवता येतो. पोटऱ्या हलल्या की पायात साचणारं रक्त वर ढकललं जातं.

लॅपटॉप कंट्रोलरच्या मागे, स्टँडवर उंच. हेडफोन कान आणि खांदा यांत दाबून धरायची सवय डीजेंना फार प्रिय आहे, पण तिने मान तासन्‌तास एका बाजूला कलते. एका कानावर बँडसकट घालता येतो. मॉनिटर स्पीकर, म्हणजे डीजेला स्वतःला ऐकायचा स्पीकर, मात्र जमिनीवर ठेवू नका. १० हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. असा आवाज ट्वीटरमधून (स्पीकरमधल्या तीव्र, बारीक स्वरांच्या भागातून) टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. स्पीकर गुडघ्याशी असेल तर तीव्र स्वर मांड्यांवर आदळतात, कानाला सगळं बोथट लागतं आणि हात आवाज वाढवतो. १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मुदत सुमारे १५ मिनिटंच धरली जाते. तेव्हा ट्वीटर कानाच्या उंचीवर, कानाकडे तोंड करून.

टेबल उंच करताना भौतिकशास्त्र आपली किंमत वसूल करतं. पायाचा डुलण्याला होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. त्याच जाडीचे पाय ७५ ऐवजी ९७ सेंटिमीटर केले, तर तेवढ्याच धक्क्याला टेबल दुपटीहून अधिक डुलेल. पायांना तिरप्या पट्ट्यांचा आधार दिला की हा दोष बराचसा जातो. विटा मात्र नकोत. बेसच्या हादऱ्यांनी त्या हळूहळू सरकतात, आणि वर लाखाचं सामान असतं.

भाच्यासाठी आम्ही पीव्हीसी पाइपचे ४० सेंटिमीटरचे चार तुकडे कापले. प्रत्येकात २२ सेंटिमीटरवर आरपार बोल्ट. टेबलाचा पाय त्या बोल्टवर टेकतो आणि १८ सेंटिमीटर पाइपात राहतो. सैल वाटला तिथे रबराची पट्टी गुंडाळली. दोन बाजूंना कैचीसारख्या पट्ट्या बांधल्या. टेबल ९७ वर, बटणं १०३ वर, कोपराच्या आठ सेंटिमीटर खाली. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने काहीच वाजवलं नाही, नुसते हात ठेवले. मग म्हणाला, "मामा, समोरची माणसं दिसतायत."