अख्खा बिटकॉइन घ्यावा लागत नाही

‘एका बिटकॉइनची किंमत पाहिलीत का? आपल्या आवाक्यातलं नाही ते.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, आणि ते चुकीचं आहे. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग पडतात. त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटात, ०.०००५ असा आकडा दिसला, तर ते झाले ५०,००० सातोशी. सोनं घेताना कुणी अख्खी वीट मागत नाही, तसंच हे.

या गैरसमजाचं धाकटं भावंड जास्त त्रासदायक: ‘मग डोजकॉइन हे दुसरं, स्वस्तातलं डिजिटल चलन घेऊ, नाणी तरी भरपूर मिळतील.’ अहो, नाणी भरपूर मिळतात कारण ती आहेतच भरपूर! बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत. डोजकॉइनला मर्यादाच नाही, दरवर्षी सुमारे ५०० कोटी नवे येतात. एका नाण्याच्या भावावरून स्वस्त-महाग ठरत नाही.

थोडंसं घेताना एक मात्र बघा. एक्स्चेंजवरून (जिथे खरेदी केली त्या ऑनलाइन बाजारातून) स्वतःच्या वॉलेटमध्ये बिटकॉइन हलवताना लागणारं नेटवर्क शुल्क रकमेवर नव्हे, व्यवहाराच्या डेटाच्या आकारावर आणि त्या वेळच्या गर्दीवर ठरतं. रक्कम चिमुकली असेल तर निम्मी तिथेच जायची.